जानेवारीत उठवलेले भुंगेरे

सुषमा,

तुझ्या तेरवीला मी उशिरा पोचले. बस काटोलला आली तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते आणि तुझ्या घरी पहिली पंगत बसली होती. दिनेशने मला ओळखलं नाही. "ताईच्या ऑफिसातल्या का तुमी?" त्यानं विचारलं आणि मी "हो" म्हणून गेले. चार वर्षं झाली, आपण एका ऑफिसात नव्हतो. एकमेकींशी धड बोलतही नव्हतो. पण तेरवीच्या मांडवात, पत्रावळी हातात घेतलेल्या तुझ्या भावाला हे कुठून सांगणार?

तू असतीस तर पहिला प्रश्न विचारला असतास, "पिंजरे पाहिले का?" पाहिले. पण ते शेवटी सांगते. आधी जे तुला कधीच सांगितलं नाही ते सांगू दे. मधे टोकू नकोस. तशी आता टोकणार तरी कशी म्हणा.

तुझ्या घरी मी पहिल्यांदा आले ते आपण एम.एस्सी.ला असताना. संत्र्याच्या बागेतून चालत आलो होतो. तू मला अंगणात थांबवलंस आणि आतून बाबांचा आवाज आला, "तिले आधी विचार, आपल्या घरचं पाणी पेते का." मला वाटलं, माझं आडनाव कळलं म्हणून विचारताहेत. माझ्या आजीनं अशी अंगणं खूप पाहिली होती; तिथं जात विचारणारे घरातले असायचे आणि ओंजळ धरून उभी असायची ती. माझा चेहरा बदलला असणार, कारण तू घाईनं म्हणालीस, "तसं नाई वं. तू आत तर ये."

आत बाबा बसले होते. डोक्याला, गळ्याला ओला दुपट्टा. चेहऱ्याची कातडी जाड, काळी, जागोजागी भेगाळलेली. पापण्या सुजलेल्या. गाजर गवत उपटून उपटून त्यांना ते झालं होतं. त्या गवताची भुकटी उन्हात उडते आणि एकदा अंगाला बाधली की बाधतच जाते, हे मला पुस्तकातून माहीत होतं. गावाला मात्र तो महारोग वाटला होता. शेजारणींनी तुमच्या घरचं पाणी सोडलं होतं. हळदीकुंकवाला तुझ्या आईला बोलावणं येत नव्हतं. बाबा दिवसा उन्हात निघत नसत.

मी पाणी प्यायले. दोन पेले. बाबा माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "पोरी, तू आमच्याकडची पयली." माझ्या आजीला हे सांगितलं तेव्हा तिनं ते मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "जात जाय तिच्या घरी."

परत जाताना बसमध्ये तू मला सांगितलंस की तू कीटकशास्त्र का घेतलंस. मेक्सिकोतून आणलेला एक छोटा भुंगेरा आहे, पांढुरक्या पाठीवर तपकिरी रेघांचा. तो गाजर गवताशिवाय जवळपास दुसरं काही खात नाही. त्याच्या अळ्या पानं, शेंडे, फुलं सगळं फस्त करतात आणि बी धरायच्या आत झाड संपतं. "मग अडचण काय आहे?" मी विचारलं. तू म्हणालीस, "झोपते तो. थंडी लागली की मातीत जाते आन् जूनपावतर उठत नाई. आमच्या बागेत आंबियाच्या बहाराले जानेवारीत पाणी सोडलं, का संत्र्याच्या आधी गाजर गवत फुटते. बाबा तेव्हाच उपटतात. आन् तेव्हाच हे साहेब झोपेत."

त्या वाक्यावर तुझं सगळं आयुष्य गेलं. त्यातलं बरंचसं माझंही.

आपल्याला नागपूरला एकाच ठिकाणी नोकरी लागली, हे नशीब की काय ते मला आता कळत नाही. त्या मागच्या इमारतीतली ती खोली, लाकडी चौकटींचे जाळीचे पिंजरे, मातीच्या कुंड्या, आणि आपले मदतनीस वामनभाऊ. वामनभाऊ निवृत्तीला आले होते आणि त्यांना आपलं काम कधीच पटलं नाही. "लोक गवत मारून राहिले, आन् तुमी दोघी त्याले पाणी घालून राहिल्या," असं ते आल्या-गेल्याला सांगत. खरंच होतं. किड्यांना खायला रोज ताजी पानं लागत, म्हणून आपण गाजर गवत कुंड्यांत लावलं होतं. एकदा स्वच्छतेच्या मोहिमेत कुणीतरी येऊन त्या सगळ्या कुंड्या उपटून टाकल्या. तू पायरीवर बसून रडलीस. साहेब जाता जाता थांबले. त्यांना वाटलं, घरी काही झालं. वामनभाऊंनी सांगितलं, "गवत गेलं साहेब त्यांचं." तू रडता रडता हसलीस. मग आपण कोराडीच्या रस्त्यानं स्कूटरवर गेलो, दोन पोती पानं तोडून आणली, आणि त्यांच्यावरची वीजकेंद्राची राख जाईपर्यंत एकेक पान टबात धुतलं. राखेचं पान तो भुंगेरा तोंडातही घेत नसे.

पानं धुता धुता तू पहिल्यांदा शिंकलीस, तो दिवस मला आठवतो. मी म्हटलंही, "तोंडाला बांध काहीतरी." तू ऐकलं नाहीस. मी पुन्हा म्हटलं नाही.

हार्मोनची कल्पना तुझी. झोपलेल्या भुंगेऱ्याच्या अंगात एक हार्मोन आटतं आणि म्हणून तो खात नाही, मादी अंडी धरत नाही. ते बाहेरून दिलं तर? तू महिनोन् महिने वाचलंस, पत्रं लिहिलीस, आणि शेवटी ती बोटभर बाटली आली. डिसेंबरात आपण कुंड्या उकरून झोपलेले भुंगेरे काढले. ते पाय पोटाशी घेऊन खड्यासारखे पडून होते. बारीक सुईनं तू एकेकाच्या पोटावर थेंब ठेवलास. थेंब कसला, दिसतही नव्हता. तुझा हात हलू नये म्हणून मी तुझं मनगट धरलं होतं.

चौथ्या दिवशी दुपारी मी डबा खात होते. तू धावत आलीस. "उठला वं! प्रज्ञे, उठला!" आपण दोघी जाळीला नाक लावून उभ्या. एक भुंगेरा पानाच्या कडेवर बसून खात होता. अगदी हळू, थांबून थांबून, जसं कुणी दुखण्यातून उठल्यावर भाताचा पहिला घास घेतं. वामनभाऊ मागून पाहत होते. मग ते खाली जाऊन सगळ्यांसाठी चहा सांगून आले.

त्या दुपारबद्दल तुझे आभार मानायचे राहिले, सुषमा. माझ्या नोकरीच्या इतक्या वर्षांत तशी दुसरी दुपार नाही.

त्यानंतर आपलं भांडण सुरू झालं. तुला ते त्याच जानेवारीत बाबांच्या बागेत सोडायचे होते. मी म्हणत होते, थांब. हे अवेळी उठलेत. खाऊन झालं, अंडी झाली, पुढे उन्हाळा आला की यांचं काय? उठवलेला पुन्हा झोपेल का? मातीत जायची आठवण त्याला राहील का, की आपण ती पुसून टाकली? तू चिडलीस. "तुले किड्याच्या झोपेची काळजी पडली. माह्या बापाच्या तोंडाकडे पाय एकदा."

आणि मग अंडी फुटेनात. पानांच्या मागे ढिगानं घातलेली पिवळी अंडी, पण बहुतेक तशीच आक्रसून गेली. तू म्हणालीस, थेंब जास्त होतोय. पुढच्या हिवाळ्यात कमी करू. तो हिवाळा येईपर्यंत तुझी छाती भरू लागली होती. हातांवर, मानेवर तेच चट्टे, जे मी बाबांच्या अंगावर पाहिले होते. तू पूर्ण बाह्यांचे ब्लाऊज शिवून घेतलेस आणि मला वाटलं, तुला थंडी वाजते. नंतर एक दिवस तू पिंजऱ्यासमोर खाली बसलीस आणि श्वास घेता येईना. वामनभाऊ आणि मी तुला रिक्षात घातलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं: या गवतापासून लांब राहा, नाहीतर पुढचा झटका सांगून येणार नाही.

आता जे सांगायचं आहे ते इथून.

तू रजेवर होतीस आणि कामाचा आढावा जवळ आला. अहवाल मी लिहायचा होता. तू फोन केलास. तुझ्या आवाजात शिट्टी वाजत होती. "प्रज्ञे, थेंब अर्धा कर. एकदा पाय. मंगच लिह." माझ्याकडे भुंगेरे होते. बाटली होती. दिवसही होते, नेमके पुरतील एवढे. मी तो अर्धा थेंब दिलाच नाही.

मी लिहिलं, अंडी फुटत नाहीत, पद्धत व्यवहार्य दिसत नाही. त्यात खोटं काही नव्हतं. आपण पाहिलं तेच होतं. पण जे पाहायचं बाकी होतं ते मी पाहिलं नाही, आणि पाहिलं नाही हेही लिहिलं नाही.

तू तो अहवाल वाचलास आणि माझ्या टेबलापाशी आलीस. रागावली असतीस तर बरं झालं असतं. तू फक्त विचारलंस, "काहून?" मी म्हणाले, वेळ नव्हता. तू मान हलवलीस आणि गेलीस.

वेळ होता, सुषमा. मला ते काम बंद पडायला हवं होतं. ती खोली बंद पडली तर तू त्या गवतातून बाहेर पडशील, दुसरं काही काम घेशील, जगशील, असं मला वाटलं. तुला ते तोंडावर सांगितलं असतं तर तू मला झिडकारलं असतंस आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पिंजऱ्यापाशी गेली असतीस. म्हणून मी तुझ्या मागे केलं. चार वर्षं मी हे स्वतःला सांगत आले की मी तुझा जीव वाचवला.

खोली बंद झाली. तू राजीनामा दिलास आणि काटोलला गेलीस. मला वाटलं, बाग पाहशील. तू गोठ्याच्या मागे टिनाच्या शेडमध्ये पिंजरे मांडलेस. आपल्या खोलीत निदान हवा बाहेर फेकणारा पंखा होता, कपाटात मास्क होते, वामनभाऊ होते. तिथं काय होतं? दिनेश म्हणाला, "ताई दार लावून बसे. वाऱ्यानं पानं सुकतात म्हणे."

या डिसेंबरात तुझा फोन आला तेव्हा मी नाव पाहून उभीच राहिले. तू जुनं काही काढलं नाहीस. म्हणालीस, "ये ना एकदा काटोलले. दाखवायचं आहे." काय दाखवायचं आहे, हे मी विचारायला हवं होतं. मी म्हणाले, आत्ता ऑडिट चालू आहे, मार्चनंतर नक्की येते. तू म्हणालीस, "मार्चात काय दिसन?" आणि हसलीस. मग खोकला आला आणि फोन ठेवलास. मी पुन्हा लावला नाही. लावते, लावते करत राहिले.

बाकीचं मला दिनेशनं सांगितलं. सकाळी अकराच्या सुमारास तू शेडमधून बाहेर आलीस आणि ओट्यावर बसलीस. बोलता येत नव्हतं. त्यानं गाडी काढली. नागपूरच्या दवाखान्यात नेत होते. नागपूरच्या अलीकडे, फेटरी गाव यायच्या थोडं आधी तू त्याच्या बायकोचा हात सोडलास.

पंगती उठल्यावर मी त्याला पिंजऱ्यांचं विचारलं. तो खाली पाहायला लागला. मग मला शेडच्या मागे घेऊन गेला. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं सगळं बाहेर काढलं होतं. तू लावलेलं गाजर गवत मुळासकट उपटून जाळलं होतं. पिंजरे आणि कुंड्या उन्हात टाकून दिल्या होत्या. "त्या गवतानंच मारलं माह्या बहिणीले," तो म्हणाला. "मी काय करू?" मी तिथं असते तर मीही तेच केलं असतं. मी तर आधीच केलं होतं.

मी खाली बसून पहिला पिंजरा उघडला. भुंगेरे जाळीला धरून मेले होते. झोपलेले नव्हते ते. झोपलेला मातीत असतो. हे वर होते, जाळीवर, पानाच्या वाळलेल्या देठांवर. जानेवारीत. तू त्यांना उठवलं होतंस. आणि तू गेल्यावर त्यांना पान द्यायला कुणी नव्हतं. तू त्यांना उठवलं नसतंस तर ते जूनपर्यंत काही न खाता मातीत सुखानं राहिले असते, तुझ्यामागेही.

तळाला वाळलेली पानं होती. माझ्या पर्समध्ये अजून भिंग असतं. मी पानं उलटी करून पाहिली. अंड्यांची टरफलं फाटलेली होती, सुषमा. एका पानावर, दुसऱ्यावर, तिसऱ्यावर. क्वचित कुठे एखादं आक्रसलेलं. बाकी सगळी फुटलेली, आणि त्यांच्या आसपास केसासारख्या बारीक वाळलेल्या अळ्या. निघाल्या, पान शोधलं आणि मेल्या. तुझी वही दिनेशनं दिली. थेंब अर्धाच होता. अंडी घातल्याची नोंद तू गेलीस त्याच्या आदल्या दिवसाची. फुटल्याची नोंद नाही. अंडी फुटलेली तू पाहिलीच नाहीस. ती मी पाहिली. मला दाखवायचं म्हणत होतीस ते मी एकटीनं पाहिलं.

मग मी पिंजऱ्यातली एक कुंडी उकरायला घेतली. माझा तो जुना प्रश्न, उठवलेला पुन्हा झोपेल का. माती उन्हानं विटेसारखी झाली होती. कडेला पाच-सहा भुंगेरे सापडले, डोकं मातीत खुपसलेले, अर्धं अंग बाहेर. त्यांना खाली जायचं होतं. त्यांना आठवण होती. माती ओली असती तर गेले असते की नसते, ते मला कळलं नाही. तुलाही आता सांगता येणार नाही.

मी सोमवारी साहेबांकडे गेले. नवे साहेब, तू त्यांना ओळखत नाहीस. वही त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती नीट पाहिली, अगदी सहानुभूतीनं. म्हणाले, मॅडम, एका माणसानं घरी केलेलं काम, मोजलेलं कुणी नाही, नमुने मेलेले. याचं मी काय करू? मी म्हणाले, मी पाहिलंय. ते म्हणाले, तुम्हीच तर लिहिलं होतं ना, व्यवहार्य नाही म्हणून? त्यांनी फाइल काढून माझी सही मला दाखवली.

पण ते नंतरचं. त्या दिवशी निघायच्या आधी बाबांना भेटायला आत गेले. डोळ्यांना आता फारसं दिसत नाही त्यांना. आवाजावरून ओळखलं. "दोन पेले पानीवाली ना तू?" मी त्यांच्या पायापाशी बसले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. सालपटासारखा खरबरीत हात. मग हळूच विचारलं, दिनेशला ऐकू जाऊ नये असं, "पोरीचे किडे उठले होते का?"

"उठले होते, बाबा."

"पिलं झालती?"

"झाली होती. खूप झाली होती."

त्यांनी मान हलवली. एवढ्या वेळात पहिल्यांदा त्यांचा चेहरा जरासा सैल झाला. "मंग आपल्या बागेत आनून सोडशीन ना? दिनेश पानी देऊन राहिला. गवत निघालंच असन."

मी त्यांना खरं सांगणार होते. तोंड उघडलं आणि "हो" म्हणाले.

"कधी?"

"जूनात," मी म्हणाले. जून लागला की बागेतले भुंगेरे आपापले मातीतून वर येतात, कुणी न उठवता. बाबांना ते तुझेच वाटतील.